कारण लेखी द्या

(कुंभकोणम येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



नागरिकाला बंदूक बाळगण्याचा हक्क असावा का, हा आजचा विषय. तो जाहीर झाल्यावर काहींनी मला विचारले, की यासाठी कुंभकोणमच का? हे देवळांचे गाव, महामहमचे गाव, रामानुजनचे गाव. इथे बंदुकीचे काय काम? माझे उत्तर असे की या विषयाचे एक मूळ इथेच आहे आणि ते आपल्या मराठी माणसांपाशी जाते.

राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमला, तंजावरी मराठी घराण्यात झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे ते दिवाण होते. डिसेंबर १८८७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. सभेचे अध्यक्ष मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. त्याच अधिवेशनात १८७८ च्या शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव झाला. तरुण बिपिनचंद्र पाल त्या कायद्यावर तडफेने बोलले. माधवरावांचे चुलतबंधू दिवाणबहादुर रघुनाथराव, तेही कुंभकोणमचेच, त्याच दिवसांत मद्रासला न्यायमूर्ती रानड्यांबरोबर सामाजिक परिषदेची उभारणी करत होते. म्हणजे या गावची दोन माणसे त्या आठवड्यात देशाच्या घडामोडींच्या मधोमध होती.

तो ठराव नीट वाचला पाहिजे. आज बंदुकीच्या हक्काची बाजू मांडणारे त्याचा पहिला अर्धाच भाग सांगतात. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे आले. एकाने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने देशी माणसाचे शस्त्र काढून घेतले. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांना मात्र नियमांतून सूट होती. साहेबाच्या मळ्यावरचा गोरा पोरगाही परवान्याशिवाय बंदूक घेऊन हिंडू शकत होता, आणि तीन संस्थानांचा कारभार केलेल्या घराण्यातल्या माणसाला ती मुभा सरकारने मेहेरबानीने दिली तरच मिळायची. ठरावाचा पहिला भाग या अपमानाबद्दल आहे: प्रजा राजनिष्ठ असताना तिच्यावर हा कलंक का? दुसऱ्या भागात सभेने मागितले ते असे, की शस्त्र बाळगण्याची मोकळीक सर्वांना असावी. एखाद्या व्यक्तीला किंवा समूहाला मनाई करायची झाली तर सरकारने तशी मनाई करावी, पण तिची कारणे लेखी नोंदवावीत आणि ती प्रसिद्ध करावीत.

कारणे लेखी नोंदवावीत आणि प्रसिद्ध करावीत! शस्त्र कोणाला नाकारायचे हे ठरवण्याचा सरकारचा अधिकार त्या सभेने तेव्हाच मान्य केला होता. तिला नको होती ती मुकी, पक्षपाती सत्ता. माझे आजचे सगळे म्हणणे या एका मागणीभोवती आहे.

अपमानाची ती भावना पुढे साठ वर्षे टिकली. ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले आणि त्यांच्या शस्त्रागाराची वाताहत झाली. निवडक पट्टे, कट्यारी, मुठीवर व्याल कोरलेली हत्यारे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली. उरलेल्यांपैकी बहुतेक मोडून भंगारात काढली. एग्मोरच्या संग्रहालयात काचेआड ती पाती पाहिली की आपल्या पूर्वजांना काय वाटले असेल हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. लोकमान्यांनी १९०८ च्या केसरीतून या कायद्यावर कडक टीका केली. १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात गांधीजींनीसुद्धा, संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजांच्या दुष्कृत्यांतले सर्वांत काळे कृत्य ठरेल, या अर्थाचे लिहिले. १९३१ च्या कराची ठरावात तर, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतच होता.

मग स्वतंत्र भारताच्या घटनेत तो का नाही?

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तो घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की परक्या सरकारपाशी ही मागणी करणे वेगळे होते, आता परिस्थिती बदलली आहे. हा हक्क सरसकट दिला तर चोर-दरोडेखोरही तो मागतील, म्हणून नियमन राज्याच्या हाती राहिले पाहिजे. दुरुस्ती फेटाळली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक सांगितला: अमेरिकेच्या घटनेत हा मूलभूत हक्क आहे, आपल्या घटनाकारांनी तो दिलेला नाही.

बाबासाहेबांचा तो निर्णय बरोबर होता असे माझे ठाम मत आहे. ते मत पुस्तकांतून आलेले नाही. मी महसूल खात्यात नोकरी केली. शेवटी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात निवासी उपजिल्हाधिकारी होतो, आणि शस्त्र परवान्यांच्या फायली माझ्या टेबलावरून जिल्हाधिकाऱ्यांकडे जात. फाईल उघडली की वर अर्ज, खाली पोलीस ठाण्याचा अहवाल, डॉक्टरचा दाखला, प्राप्तिकराची विवरणपत्रे. त्याखाली शिफारसपत्र: कधी आमदाराचे, कधी त्याहून वरचे. अर्जात ‘कारण’ नावाचा रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा एकच शब्द सापडे, ‘स्वसंरक्षणार्थ’. कोणापासून संरक्षण? धमकी आली होती का? आली असेल तर तक्रार नोंदवली का? पुढची पाने उलटावीत तर यातले काही नाही. असते ते जमिनीचे, बंगल्याचे, गाड्यांचे वर्णन. मालमत्ता हेच कारण, आणि पिस्तूल हा त्या मालमत्तेवरचा शेवटचा दागिना.

कधीमधी दुसऱ्या प्रकारची फाईल येई. तिला शिफारसपत्र नसे. सातबाऱ्याचा उतारा आणि तलाठ्याचा पंचनामा: रानडुकरांनी रात्रीत उलथून टाकलेला भुईमूग, किती गुंठे, अंदाजे नुकसान किती. खाली शेतकऱ्याची सही, कधी अंगठा. मागणी एका ठासणीच्या बंदुकीची. या माणसाचे कारण पंचनाम्यातच लिहिलेले असे, आणि त्याचीच फाईल सर्वांत जास्त दिवस पडून राहत असे.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये मात्र हे असे व्हावे असे कुठेही लिहिलेले नाही. उलट पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला कलम १३ मध्ये वेगळी, सोपी वाट आहे. कलम १४ सांगते की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणाला परवाना नाकारता येणार नाही. त्याच कलमात, नाकारायचे तर कारणे लेखी नोंदवा, असा दंडक आहे. १८८७ च्या ठरावातला तो शब्द असा एकाहत्तर वर्षांनी… क्षमा करा, बहात्तर वर्षांनी कायद्यात आला. पण अर्धाच आला. नाकारण्याचे कारण लेखी असते, पण प्रसिद्ध होत नाही. देण्याचे कारण तर लोकांसमोर कधीच येत नाही. शेजारच्या घरात पिस्तूल कोणत्या कारणासाठी आले, हे तुम्हाआम्हाला विचारताही येत नाही.

आता तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. ती इथल्या वडीलधाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. २५ डिसेंबर १९६८ ची रात्र. कीळवेण्मणी, तेव्हाच्या अखंड तंजावर जिल्ह्यातले गाव. कापणीची मजुरी थोडी वाढवून मागणारे दलित शेतमजूर एका बाजूला, मिरासदारांची टोळी दुसऱ्या बाजूला. मजुरांच्या हातात दगड होते, टोळीकडे बंदुका होत्या. गोळ्या सुटल्यावर ज्यांना धावता आले ते पुरुष धावले. म्हातारी माणसे, बायका, मुले एका झोपडीत शिरली. ती झोपडी बाहेरून पेटवली गेली. ४४ जण जळून मेले. खालच्या न्यायालयाने जमीनदारांना शिक्षा सुनावल्या, मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. एवढे श्रीमंत लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील हे पटण्याजोगे नाही, असा विचार त्या निकालात होता.

‘बंदूक दुर्बलाला सबळाच्या बरोबरीला आणते’ हा हक्कवाद्यांचा सर्वांत आवडता युक्तिवाद. या भाताच्या मुलखात त्याची परीक्षा झालेली आहे. ज्याच्याकडे जमीन, त्याच्याकडे बंदूक. ज्याच्याकडे बंदूक, त्याच्याच बाजूने ठाणे. परवाना खुला केला असता तर वेण्मणीच्या मजुराने मजुरीतून बंदूक घेतली असती असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकेल का? तिची किंमत, काडतुसांची किंमत, पोलीस अहवाल, हे सगळे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते आणि आजही आहे. बाजार मोकळा केला की शस्त्रे आधीच सबळ असलेल्यांकडे वाहत जातात.

म्हणूनच १९९५ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध नियमांतला तिसरा नियम मला फार मोलाचा वाटतो. अत्याचारप्रवण गावांत इतरांचे शस्त्र परवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बंदूक कोणाच्या हातून काढायची आणि कोणाला द्यायची, याचा विचार गावातली खरी सत्ता ओळखून करणारा इतका नेमका नियम दुसरा नाही. त्याचा वापर किती जिल्हाधिकारी करतात, हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्यात विचारला गेला पाहिजे.

विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे मात्र गंभीरपणे घेतले पाहिजेत.

पहिला असा, की कायदा सज्जनालाच अडवतो, ज्याला मारायचेच आहे तो शस्त्र मिळवतोच. इतिहास त्यांच्या बाजूला आहे. शस्त्र कायदा अत्यंत कडक असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल चालवले. ते पिस्तूल लंडनहून सावरकरांनी धाडलेल्यांपैकी होते. १७ जून १९११ रोजी मणियाची स्थानकावर वांचीनाथन यांनी कलेक्टर ॲशला मारले, तेही ब्राउनिंगनेच. आणि आपल्या काळात, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे, त्याच वर्षी धारवाडला कलबुर्गी, २०१७ मध्ये बेंगळुरूत गौरी लंकेश, ही विचाराने लढणारी माणसे गोळ्यांना बळी पडली. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सात कोटींच्या वर बंदुका आहेत. केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे २०१६ अखेर परवाने होते सुमारे ३३.७ लाख, त्यांतले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात. या दोन आकड्यांमधली दरी मुख्यतः विनापरवाना शस्त्रांची, त्यांत गावठी कट्टेही आले. असे कट्टे घडवणारे बिहारमधले मुंगेर, किंवा जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे उमरटी, ही नावे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला तोंडपाठ आहेत.

हे सगळे खरे. पण त्यावरून ‘म्हणून सर्वांना बंदुका द्या’ हे निघत नाही. सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांच्या खिशात पिस्तूल असते, तर मागून आलेल्या मारेकऱ्यांपासून ते वाचले असते का? विचाराने लढणाऱ्या माणसाला आपण पिस्तूल बाळगायला सांगणार आहोत का? कट्ट्यांवर उपाय एकच: कट्टा जप्त झाल्यावर तपास तिथेच न थांबवता तो कोणी घडवला, कोणी आणला, कोणी विकला इथपर्यंत नेणे. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढल्या, एका माणसाकडे जास्तीत जास्त तीनऐवजी दोन बंदुका अशी मर्यादा आली, लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळीबार करणे गुन्हा ठरले. चांगले झाले. पण माग काढल्याशिवाय शिक्षा कोणाला देणार?

आणि परवान्याची बंदूक सज्जनाच्याच हातात राहते, हे गृहीतकही तपासून पाहा. २२ एप्रिल २००६ च्या सकाळी मुंबईत प्रमोद महाजनांवर त्यांच्या सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या, त्या परवान्याच्या पिस्तुलातून. त्यानंतर दोन आठवडेही महाजन जगले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, पोलीस निरीक्षकाच्या दालनात, एका आमदाराचे पिस्तूल मित्रपक्षाच्या पदाधिकाऱ्यावर चालले. ते चित्रीकरण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्याच आठवड्यात मुंबईत एका माजी नगरसेवकाचा थेट प्रक्षेपण सुरू असताना खून झाला. मारणाऱ्याकडे परवाना नव्हता, पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे होते. भावाभावांतला राग, जमिनीचा वाद, जुनी अढी हे घरोघरी असते. त्यातले बहुतेक राग दुसऱ्या दिवशी ओसरतात. कपाटात भरलेले पिस्तूल असले की दुसरा दिवस उजाडायचा राहून जातो.

दुसरा मुद्दा परंपरेचा. याच कावेरीच्या उगमाशी, कोडगूत, कोडवांना इंग्रजी अमलापासून परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती उचलून धरली. कैलपोळ्दच्या सणाला ते बंदुकीची पूजा करतात. तिथे बंदूक घराण्याची असते, वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली असते. ती सूट राहावी. पण ती एका छोट्या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिस्तीवर उभी आहे, ती शिस्त अध्यादेशाने कल्याणात किंवा कोइमतूरला उगवणार नाही. आणि परंपरेचा मान सगळ्यांना सारखा मिळतो असेही नाही. तुमच्या बाजारात मणी-माळा विकणारे नरिकुरवर पिढ्यान्‌पिढ्या ठासणीच्या बंदुकीने पाखरे मारून जगत आले. शिकारीवर बंदी आली आणि त्यांची ती बंदूक गुन्ह्याची वस्तू झाली. वन्यजीवांसाठी बंदी आवश्यक होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा द्यायला २०२३ उजाडावे लागले, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला या गावातून जाता येणार नाही. ती बोलताना मन जड होते. १६ जुलै २००४ ला इथल्या शाळेतल्या आगीत ९४ मुले गेली. छत गवती होते. त्यानंतर राज्यभर शाळांवरची गवती छपरे उतरवण्यात आली. ‘बंदूक मारत नाही, माणूस मारतो’ म्हणतात, तसे ‘छप्पर मारत नाही, ठिणगी मारते’ असे म्हणत कोणी उभे राहिले नाही. शाळेवर काय छप्पर घालायचे हा आमचा हक्क आहे, असेही कोणी म्हणाले नाही. अमेरिकेत १४ डिसेंबर २०१२ ला सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे गोळ्यांनी मेली. चार महिन्यांनी, बंदूक घेणाऱ्याच्या आधीच्या चौकशीची व्याप्ती वाढवावी एवढेच म्हणणारा प्रस्ताव तिथल्या सिनेटमध्ये पुढे जाऊ शकला नाही. आज आपल्या अनेक मराठी आणि तमिळ घरांतली नातवंडे तिथल्या शाळांत जातात, आणि गोळीबार झाला तर कुठे लपायचे याचा सराव करतात. ऑस्ट्रेलियाने मात्र १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसे मेल्यावर सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून पैसे देऊन परत घेतल्या. एकदा हक्क म्हणून दिलेली वस्तू परत घेणे किती अवघड असते, हे या दोन देशांकडे पाहून कळते. आपल्याकडे तो हक्क दिलेलाच नाही, हे आपले भाग्य आहे. ते कोणाच्या आग्रहाखातर घालवू नये.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. पीकरक्षणाचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहू नये. त्याचा निकाल एका हंगामाच्या आत लागावा. जिवाला खरा धोका असलेल्या माणसाला, विशेषतः एकट्या बाईला आणि अत्याचारग्रस्त वस्तीला, शिफारसपत्राशिवाय दाद मिळावी. निवडणुकीत ठाण्यात जमा होणाऱ्या बंदुका मी पाहिल्या आहेत: सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा बिल्ला, त्यावर नाव आणि परवाना क्रमांक. त्या निकालानंतर जशाच्या तशा परत जातात. तसे न करता प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी मूळ कारण अजून शिल्लक आहे का, हे तपासावे. नसेल तर परवाना संपवावा. आणि ज्या परवान्याचे कारण केवळ प्रतिष्ठा आहे, तो देऊच नये.

या सगळ्यासाठी नवा कायदा नको. मद्रासच्या मांडवात माधवरावांसमोर मागितलेल्या गोष्टीतला प्रसिद्धीचा अर्धा भाग अजून बाकी आहे, तो पुरा करायचा आहे आणि एक पाऊल पुढे न्यायचा आहे: नाकारण्याप्रमाणे परवाना देण्याचे कारणही लेखी असावे आणि ते प्रसिद्ध व्हावे. कोणाचे नाव-पत्ता जाहीर करू नका, त्यात जोखीम आहे. पण जिल्ह्यात किती परवाने, कोणत्या कारणासाठी, किती अर्ज पीकरक्षणाचे, त्यांतले किती नाकारले, अत्याचार प्रतिबंध नियमांखाली किती परवाने रद्द झाले, हे दरवर्षी छापायला काय हरकत आहे?

सरकार आपणहून छापणार नसेल तर आपण विचारावे. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. या सभागृहातून घरी गेल्यावर आपल्यापैकी निदान काहींनी तंजावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला तो अर्ज लिहावा, आणि तीस दिवसांत आलेले उत्तर पुढच्या वर्षी या व्यासपीठावरून वाचून दाखवावे, एवढी माझी विनंती आहे.